बारा बैलांचा तास

कुलसुमबीनं डेगीवरचं झाकण फडक्यानं धरून उचललं, तोंडावर आलेली वाफ मान वळवून चुकवली आणि दुधी भोपळ्याच्या फोडींची परात एका हिसक्यात दालच्यात रिकामी केली. मागच्या अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. एकीवर दालचा, दुसरीवर भात आणि तिसरी जरा लांब, लिंबाखाली, मटण न खाणाऱ्या पाहुण्यांच्या शिऱ्या-भाजीसाठी.

"पानी वाढव की अजून," चांगुणा म्हणाली. ती पाटावर बसून कांदा चिरत होती. "दीडशे मानूस हाय. पातळ झालं तर झालं. तुजा बाप काय उठून बघाय येतोय?"

"आला तर पैल्यांदा तुज्याच अंगावर यील."

दोघी हसल्या. मयताच्या चाळिसाव्या दिवशी हसू नये असं काही नसतं. रडणं पहिल्या तीन दिवसांत आटोपलेलं असतं आणि चाळिसाव्याला बायकांचं सगळं लक्ष मिठाकडं असतं.

कुलसुमबीचा बाप, जैनोद्दीन, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. नळदुर्गच्या अलीकडं हायवे सोडून सहा किलोमीटर आत आलं की येळणूर लागतं. तिथं मुसलमानांची घरं अवघी अकरा. तरी पुढच्या मंडपात आज निम्मं गाव येऊन बसलं होतं, कारण जैनोद्दीन मेला असला तरी जैनुभाई मरायला अजून वेळ होता. म्हाताऱ्यांच्या तोंडी तो 'बारा बैली जैनुभाई' होता. ट्रॅक्टर यायच्या आधी या काळ्या रानात कुंदा माजायचा. वर वीतभर दिसणारं गवत, आणि मुळ्या दोन दोन हात खाली. असलं रान उलथायचं तर मोठ्या लाकडी नांगराला सहा जोड्या एकापुढं एक जुंपाव्या लागायच्या. बारा बैल म्हणजे बारा स्वभाव. एक ओढतो, दुसरा ओढल्याचं सोंग करतो, तिसऱ्याला शेजारचा आवडत नाही. नांगराची मूठ धरणारा नुसता दाबायला. खरा कारभार हाकणाऱ्याकडं. तो बैलांच्या कडेनं चालत राहायचा आणि नुसत्या आवाजावर चोवीस खूर एका बाजूचे, चोवीस दुसऱ्या बाजूचे एका ओळीत ठेवायचा, म्हणजे तास, नांगराची मातीतली ओळ, सरळ पडायचा. जैनुभाईच्या खांद्यावर चाबूक असायचा, पण तो खांद्यावरच वाळला असं लोक सांगत. त्यानं बैलाला कधी फटका मारला नाही. ते खरंही होतं.

पुढच्या चार जुवांवर एकेक पोर बसवायची पद्धत होती. जुवाला वजन मिळायचं आणि जोडी बिथरली तर पोरानं वेसण ओढायची. जैनुभाईला तेव्हा मुलगा नव्हता. समद पुढं पाच वर्षांनी झाला. म्हणून तिसऱ्या जुवावर कुलसुम बसायची आणि तिच्यामागं चौथ्यावर बौद्धवाड्यातली चांगुणा. दोघी नऊ-नऊ वर्षांच्या.

त्याच वर्षी कुलसुमचा डावा पाय गेला. नडगीच्या मध्यापासून खाली काही राहिलं नाही. आता उमरग्याच्या शिबिरात मिळालेला पाय होता, मातकट रंगाचा, बोटंसुद्धा कोरलेला. तो घोट्यात वाकत नसल्यामुळं तिला चुलीपुढं बसता यायचं नाही. बसायला वेताचा मोडा घ्यावा लागायचा.

पाय कसा गेला, ही गोष्ट तिला बापानं सांगितली होती. सोलापूरच्या दवाखान्यात, ती शुद्धीवर आल्यावर. ती जुवावरून घसरली, दोन जोड्यांमधल्या साखळीत पाय अडकला. बैल थांबले असते तर साखळी ढिली पडली असती आणि पाय सुटला असता. पण त्या दिवशी रानात हलगी वाजत होती, सगळं गाव बांधावर उभं राहून ओरडत होतं, बैलांच्या गळ्यात घुंगरं होती.

"मेरेकू सुनाईच नै दिया, बेटी," बाप म्हणाला होता. घरात ते दख्खनीही बोलत. "तू जोरसे चिल्लाना था."

पंचेचाळीस वर्षं हे वाक्य तिनं उशाखाली घेऊन झोपल्यासारखं सांभाळलं. जुवावर बसणाऱ्यानं काहीही झालं तरी ओरडायचं नाही, बैल बुजतात, हे त्यानंच शिकवलं होतं. ही गोष्ट तिनं त्याच्या तोंडावर कधी काढली नाही. आपणच ओरडलो नाही, किंवा ओरडलो ते पुरेसं नव्हतं, एवढंच तिनं धरून ठेवलं. तेव्हापासून तिचा आवाज वाढला तो वाढलाच. गल्लीच्या या टोकाला ती मिरच्यांचा भाव विचारायची आणि त्या टोकाची माणसं उत्तर द्यायची. पोरं तिला मागं 'भोंगा' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिला त्याचा रागही नव्हता. एकदा आवाज ऐकू गेला नाही, त्याची किंमत तिनं मोजली होती.

एकोणिसाव्या वर्षी तिला उमरग्याकडच्या एका बिजवराला दिली. त्याला चार पोरं होती आणि त्यांना आई नको, धुणीभांडी करणारी हवी होती. लंगड्या बाईकडून पाणी भरून होत नाही म्हणून दुसऱ्या वर्षी त्यानं तिला परत पाठवली. तिथून पुढं ती बापाच्या घरात. आई गेली, समदचं लग्न झालं, समदची बायको गेली, त्याची पोरगी शबनम कुलसुमच्याच हाताखाली वाढली. शेवटची दोन वर्षं बाप अंथरुणावर होता. त्याला उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची, हे सगळं तिनं केलं, एका पायावर. त्या दोन वर्षांत तो तिचं नाव विसरला. "ए पोरी" म्हणायचा. पण बाराही बैलांची नावं त्याला पाठ होती, जोडीच्या क्रमानं. दुपारी डोळे मिटून तो खाटेवरून त्यांना हाकायचा, एकेकाला नावानं, लाडानं. शेजारी बसून ती ते ऐकायची आणि म्हणायची, असू दे, म्हातारा माणूस आहे. तेव्हासुद्धा तिच्या मनात त्याच्याबद्दल मायाच होती. ऐकू न आलेल्या माणसाला काय दोष द्यायचा?

मंडपात कुराणाची तिलावत संपली होती. समदनं या वेळी नळदुर्गहून माईक आणि दोन भोंगे भाड्यानं आणले होते. मौलानाही नळदुर्गचेच, नवे, तिशीच्या आतले. येळणूरला ते पहिल्यांदाच आले होते. गावाच्या म्हाताऱ्यांनी धरलं की दुवेच्या आधी जैनुभाईबद्दल दोन शब्द बोलायचे. मौलाना हो म्हणाले. एक भोंगा मंडपावर होता आणि दुसरा समदनं हौसेनं मागच्या अंगणाकडं तोंड करून बांधला होता, बायकांनाही ऐकू यावं म्हणून. इतकी वर्षं जे पारावर बोललं जायचं ते पहिल्यांदाच असं चुलीपर्यंत आलं.

आधी पाटलांचा शिवानंद बोलला. तो तालुक्याला निवडणुका लढवतो, त्यामुळं त्यानं जैनुभाईच्या निमित्तानं एकोप्याबद्दल बराच वेळ सांगितलं. बायकांनी भात वेळून घेतला. मग शिवलिंग उभा राहिला. ऐंशी वर्षांचा लिंगायत म्हातारा, जैनुभाईच्या नांगराची मूठ वीस वर्षं त्याच्या हातात होती. कानानं कमी ऐकायचा, म्हणून माईकवरसुद्धा रानातल्यासारखाच बोलत होता.

"आळंदचा गडी आल्ता," त्यानं सुरुवात केली. "लोखंडी नांगर घिऊन. म्हनला, तुमच्या लाकडाला म्या दाखवतो. शिवानंद, तुज्या बानं पैज लावली. तुमचंच कुंद्याचं रान. दहा तास. ह्या बांधापासनं त्या बांधापत्तुर. मदी थांबायचं न्हाय. थांबला त्यो हरला. आन् जितंल त्याची बैलं कारहुणवीला, बैलांच्या सणाला, वेशीतनं पैली."

"हे आता तासभर चालतंय," चांगुणा म्हणाली आणि कांद्याची परात घेऊन उठली. "मी शिरा झाला का बघते."

"बस की. ऐकू दे."

चांगुणा उभीच राहिली.

कुलसुमबीला ते ऐकायचं होतं. नांगरटीचा तास कसा धरतात, माती कशी तुटते, हे तिला अजून आवडायचं. पैजेचा दिवस तर तिनं पहिल्या आठ तासांपर्यंत स्वतः पाहिला होता, जुवावर बसून, पाटलाच्या घरून आणलेला गूळ गालात धरून. त्या दिवशी बापाचा तिला इतका अभिमान वाटला होता की तसा अभिमान तिला पुन्हा कशाचाच वाटला नाही.

"नववा तास," भोंग्यातून शिवलिंग म्हणाला. "अर्ध्याच्या वर आलो आन् तिसऱ्या जुवावरची त्याची पोरगी खाली आली. म्या मुठीवर. मला समदं दिसायलंय. पोरीचा पाय साकळीत. म्या वरडलो, जैनुभाई, पोरगी पडली! त्यो वळला. बगितलं. आता सांगा, दुसरा कुनी असता तर? हो-हो करून बैलं तिडवी केली असती. ह्या मर्दानं न्हाय केली. आवाजात फरक न्हाय. मला म्हनला, शिवलिंग, मूठ सोडू नगंस. तास पुरा होऊ दे. आन् केला पुरा! सुतासारका! असा हाकनारा हितनं पुडं व्हायचा न्हाय!"

मंडपातून "व्वा" आलं. कुणी तरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. भोंगा शिट्टी मारल्यासारखा वाजला आणि गप्प झाला.

कुलसुमबीच्या हातात मिठाचं भांडं होतं. तिनं ते चुलीच्या कडेला ठेवलं, नंतर उचलून पुन्हा जरा लांब ठेवलं. भात वेळणाऱ्या बायकांपैकी कुणी वर बघेना. एकीनं तर भाताची उगीच दुसऱ्यांदा शितं मोडून पाहिली.

"चांगुणे," ती म्हणाली, "तू चौथ्या जुवावर व्हतीस."

चांगुणा परात कमरेवर धरून उभी होती.

"त्यानं बगितलं?"

"आता पंचेचाळीस वर्सं झाली, कुलसुम."

"बगितलं का न्हाय तेवडं सांग."

"बगितलं," चांगुणा म्हणाली. "मला बी बगितलं. बोट दाखवलं, असं, गप बस म्हनून."

"आन् तू मला आज सांगायलीस."

"समद्या गावाला म्हाईत हाय. पारावर धा डाव निगालंय." चांगुणाच्या आवाजाला आता धार आली. खोट्यात सापडलेली माणसं चिडतात तशीच ती चिडली होती. "तुला सांगून काय पाय फुटला असता का? बापाच्याच घरात खायचं हुतं तुला. कळून कुटं गेली असतीस?"

हे बोलणं खरं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. कुलसुमबीनं पदरानं हात पुसले. पितळेचा तांब्या भरून घेतला आणि भिंतीला हात लावत, तो ताठ पाय आधी टाकत, मंडपाच्या बाजूला गेली. शिवलिंग आपल्या खुर्चीवर येऊन बसला होता, अंगणाच्या दाराजवळच. चार माणसांनी पाठ थोपटल्यामुळं त्याच्या तोंडावर तेज आलं होतं.

"काका, पानी."

"आन तायव्वा, आन." तो घटाघटा प्यायला. मग तिच्याकडं निरखून पाहिलं. "ऐकलीस न्हवं? तुज्या बाची गोष्ट म्या आज बरी सांगितली. नरडं साथ देत न्हाय आता."

"बरी सांगितली," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "काका, किती ऱ्हायला व्हता तास?"

"आं?"

"मी पडले तवा. बांध किती लांब व्हता?"

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. त्याला प्रश्न आवडला. असले प्रश्न आता कुणी विचारत नसे. "साठ पावलं. सत्तर धर."

"आन् आळंदचा गडी किती मागं व्हता?"

"त्यो?" शिवलिंग खदखदून हसला. "त्यो कवाच बसला हुता. सातव्या तासाला त्याची साकळी तुटली. बिडी वडत बसला हुता बांदावर. पैज जितल्यालीच हुती की आमी!"

"मग थांबला का न्हाय?"

"कोन?"

"बाप माजा."

शिवलिंग तिच्याकडं पाहत राहिला. कुणी पाणी वरून खाली का जातं असं विचारल्यावर माणूस पाहतो तसा. "तास मोडला असता, तायव्वा," तो समजावून सांगू लागला. "बारा बैल मदीच थांबली की नांगर वर येतो. पुना घातला की तितं गाठ पडती. लांबनं दिसती. पाऊस पडूस्तवर दिसती. यील त्यो म्हनल, हितं जैनुभाई थांबला हुता." त्यानं तांब्या तिच्या हातात परत दिला आणि तिचं मनगट मायेनं दाबलं. "तू बी गुनाची हं. चूं केलं न्हाईस. म्या समद्यास्नी सांगतो, पोरगी आसावी तर आशी."

ती परत आली. अंगणाच्या मध्यावर येऊन जरा थांबली. तिला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि तोही बापावर कमी आणि स्वतःवर जास्त. दोन वर्षं या हातांनी त्याची घाण काढली. रात्र रात्र त्याच्या पाठीला तेल चोळलं. कुणी विचारलं तर सांगायची, माझ्या बापाला ऐकू आलं नाही, त्याचा काय दोष. किती जणांना सांगितलं असेल! आणि ऐकणारा प्रत्येक जण मान हलवून, पुढच्या गल्लीत जाऊन हसला तरी असेल किंवा हळहळला तरी असेल. हळहळला असेल तर ते जास्त वाईट. पडलेली पोर आणि सरळ तास यांत त्यानं एकाला निवडलं, हेही तिला कदाचित गिळता आलं असतं. पण ओरडायला हवं होतंस, हे त्यानं वरून तिच्या गळ्यात बांधलं होतं.

मंडपात मौलाना उभे राहिले. मघाशी टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांच्या हातांची घडी तशीच होती. गावात तो एकटाच माणूस असा होता की ज्यानं ती गोष्ट आज पहिल्यांदा ऐकली होती. कुलसुमबीला धरून दोघं.

दुवेच्या आधी माफी मागायची रीत आहे. मेलेल्या माणसाला स्वतःला मागता येत नाही, म्हणून जिवंतांनी त्याच्या वतीनं मागायची. बहुतेक वेळा ते एका दमात उरकतं.

"मरहूम से किसीकू तकलीफ पोंची हो," भोंग्यातून मौलानांचा आवाज आला, "किसीका दिल दुखा हो, तो अल्लाह के वास्ते माफ कर दो."

"माफ किया," पुरुषांच्या रांगांमधून आलं. पाटलाचा शिवानंद "माफ केलं, माफ केलं" म्हणाला. शिवलिंगला शेजाऱ्यानं कानात सांगितलं तेव्हा तो ओरडला, "आमचं काय आसायचंय? माफ!" आणि मंडपात हशा पिकला.

"घरवाले?"

"माफ किया," समद म्हणाला.

"बेटी?" मौलाना म्हणाले. मग, "जिसका पाव गया, वो?"

असं एकाच माणसाला धरून कुणी विचारत नसतं. कुणाला तरी ते अगोचरपणाचं वाटलं असणार. समद चपला न घालताच मागं आला. तो चाळिशीचा, टेंपो चालवणारा, भला माणूस. बापाचा लाडका. तो या गोष्टीत कुठंच नव्हता, त्याचा जन्मसुद्धा झाला नव्हता, आणि तरी तो बहिणीच्या तोंडाकडं न बघता डेगीकडं बघत बोलला.

"आपा, बोलो ना. सब ठैरे हैं."

कुलसुमबीनं ताटल्यांच्या चळतीतली वरची एक ताटली घेतली. कपड्यानं पुसली. भाताचं झाकण काढून दोन डाव भात घेतला, वर दालचा घेतला, त्यात हाडाचा एक तुकडा पाहून घेतला. मग मोडा ओढला, ताठ पाय पुढं पसरला, आणि बसली.

"अगं, दुवा व्हायचीय," चांगुणा हळूच म्हणाली. तिला त्यांच्या रीती या घरातल्या सुनांइतक्याच माहीत होत्या. दुवेआधी कुणी घास तोंडात घालत नाही, पाहुणा नाही आणि घरचा तर नाहीच.

कुलसुमबीनं भात कालवला आणि पहिला घास घेतला.

समदनं एकदा चांगुणाकडं पाहिलं, एकदा शबनमकडं. मग तो वळून गेला. दुसऱ्याच क्षणी भोंग्यातून त्याचा आवाज आला, नको इतका खणखणीत. "आपानं माफ केलंय, हजरत."

"उन्होंने खुद कहा?"

भोंग्यात नुसती खरखर ऐकू आली. समदला खोटं बोलता यायचं, पण एकदाच.

"तो ठैरते हैं," मौलाना म्हणाले. "दूसरेका माफ करना दूसरा नै कर सकता." आणि त्यांनी दुवेसाठी हात उचलले. त्यांचे उचललेले पाहून सगळ्यांनी उचलले. ज्यांची ती रीत नव्हती त्यांनी मांडीवर ठेवले. सगळे तसेच बसून राहिले.

दुपारचे दोन वाजत आले होते. मंडपाच्या कापडातून ऊन खाली उतरत होतं. कुलसुमबी जेवत होती. घाईनं नाही आणि मुद्दाम सावकाशही नाही. रोज जेवायची तशीच. हाड चोखून तिनं ताटलीच्या कडेला ठेवलं. भोपळ्याच्या फोडी बाजूला सारल्या, तिला त्या कधीच आवडल्या नव्हत्या. बापाला आवडायच्या म्हणून त्या घरात दालच्यात नेहमी पडत. मंडपात एक मूल रडू लागलं. त्याला कुणी तरी बाहेर घेऊन गेलं. कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि झटकन बंद झाला.

समद परत आला. या वेळी त्याच्या कपाळावर घाम होता.

"आपा, लोकांचे हात भरून आलेत. शिवलिंगकाकाला बसवंना. ऐंशी वर्साचा मानूस हाय. सकाळधरनं उपाशी हाय त्यो."

तिनं वर पाहिलं. समदचा चेहरा हुबेहूब बापासारखा होता. तिच्या हे आधी कधी इतकं लक्षात आलं नव्हतं.

"आपा, गाव काय म्हनंल?"

"गाव लई वर्सं गप बसलंय," ती म्हणाली. "आजून जरा बसू दे."

तो तिथंच उभा राहिला. चांगुणानं कांद्याची परात खाली ठेवली आणि त्याच पाटावर, पाठ फिरवून, बसली. तिचे खांदे हलत होते. कुलसुमबीनं ते पाहिलं आणि नजर पुन्हा ताटलीत वळवली. तिला चांगुणाची दया आली, पण उठावंसं वाटलं नाही.

शबनम डेगीपाशी उभी होती. हातातला डाव तिनं छातीशी धरला होता, आणि दालच्याचा एक ओघळ तिच्या ओढणीवरून खाली चालला होता तरी तिला कळलं नव्हतं. मंडपातले हात आता एकेक करून खाली येत होते. म्हाताऱ्यांचे आधी, मग बाकीच्यांचे. मौलानांचे तेवढे वर होते.

कुलसुमबीनं ताटली पुढं केली.

"शबनम," ती म्हणाली, "भात घाल आजून. आन् दालच्यात मीठ कमी पडलंय बघ."